नेम मोडल्यावर

कारवीवाडी, पाटणच्या वर
३० जुलै २०२४

प्रिय विनू,

इथलं धुकं उठायचं नाव घेत नाही. अंगणातून गोठा दिसत नाही, नुसता म्हशीचा श्वास ऐकू येतो. फोनला रेंज हवी तर टेकावर चढावं लागतं, आणि सध्या टेकच सापडत नाही. म्हणून हे पत्र. तसंही होस्टेल सुटल्यापासून आपण नीट बोललो ते कागदावरच. फोनवर तू घाईत असतेस आणि मी ओरडत असते.

आमचे शंभूराज सरहद्दीवर बर्फात आहेत, सुट्टीचं अजून काही खरं नाही. घरात मामंजी, आत्याबाई म्हणजे सासूबाई, आणि मी. पोलीस पाटलाचं काम चालू आहे. ओढ्याला पाणी किती, दरड कुठे, कोण आजारी, सगळं वर कळवत असते.

तुझ्या वर्गासाठी एक गोष्ट पाठवते. ऐकीव आहे.

आमच्या भागात एक देवीची राई आहे. तिथलं पान तोडायचं नाही, पडलेली काटकी उचलायची नाही, कुऱ्हाड तर आत न्यायचीच नाही, असा नेम. राईचा राखणदार एक म्हातारा आहे, बापानंतर तो. एकदा पावसात चूल पेटेना म्हणून त्याची बायको राईतल्या वाळक्या काटक्या घेऊन आली, तर त्यानं तिला तशीच माघारी पाठवली. जिथली काटकी तिथं ठेवून ये म्हणाला. ही राई सरकारी कागदावर वनखात्याची आहे. म्हणजे तिला दोन कायदे, एक देवीचा आणि एक सरकारचा, आणि दोन्ही म्हणतात हात लावू नका.

परवाच्या पावसात ओढ्यावरचा साकव वाहून गेला. धनगरवाड्यावरची एक बाई अडलेली. पलीकडे डांबरी रस्त्यावर अँब्युलन्स येऊन उभी, अलीकडे ही झोळीत. ओढा पार करायला एकच जागा अरुंद होती, राईच्या टोकाला, आणि तिथे काठावर ऐनाचं एक सरळ झाड. सगळ्यांना ते दिसत होतं. माणसं हात जोडून उभी राहिली, कुऱ्हाड कुणी उचलेना. शेवटी त्या म्हाताऱ्यानंच उचलली. झाड ओढ्यावर बरोबर आडवं पडलं. बाई पलीकडे गेली, सुखरूप बाळंत झाली. मुलगी.

आता म्हातारा राईत जात नाही. बाहेरच्या दगडावर बसतो. त्या गावच्या पाटलाला सगळं माहीत आहे, पण त्यानं अजून वर कळवलेलं नाही.

ही गोष्ट ऐकल्यापासून मला स्वप्नात ते झाड दिसतं. पडत राहतं, खाली पोचत नाही, आणि आवाजही होत नाही.

तू इतकी वर्षं कायदा म्हणजे काय हेच शिकवतेस. सांग, तो गुन्हेगार आहे का?

तुझी,
शिवांजली


सांगली
९ ऑगस्ट २०२४

प्रिय शिवा,

तुझं पत्र ओलं होऊन आलं, शाई जांभळी पसरलेली. कृष्णा चढते आहे. संध्याकाळी सगळं गाव आयर्विन पुलाकडे पाणी बघायला जातं. माणसं पाण्याकडे बघत उभी राहतात, जसं देवळात उभं राहावं. तुमच्या कोयनेचं पाणीही त्यात असतं. तुझं ते धुकंच खाली येऊन माझ्या दारापर्यंत पोचतं असं मला हल्ली वाटतं.

वर्ग निम्मा रिकामा होता, पण तास असा रंगला म्हणून सांगू! गोष्ट सांगून संपायच्या आत राजस उठून उभा. शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावणारा मुलगा तो. म्हणाला, "मॅडम, कायदा म्हणजे ज्याच्या हाती सत्ता आहे त्यानं दिलेली आज्ञा. ती चांगली का वाईट हा वेगळा प्रश्न. झाड तोडू नका अशी आज्ञा होती, त्यानं तोडलं. संपलं."

ओवी भडकली. "जो कायदा बाईला काठावर मरू देतो त्याला मी कायदाच म्हणणार नाही. माणसांनी केलेल्या कायद्याच्या वर एक कायदा असतो. तो कुठे लिहिलेला नसतो, पण आपल्या सगळ्यांना आतून माहीत असतो. म्हाताऱ्यानं तो पाळला."

निमिष खिडकीपाशी बसून पाऊस बघत होता. तो म्हणाला, "फॉरेस्टचा साहेब कोण आणि जज कोण ते आधी सांगा. मग कायदा काय ते मी सांगतो." सगळा वर्ग हसला. पण त्या विचाराचीही एक परंपरा आहे, न्यायालय प्रत्यक्ष काय करतं तोच कायदा, बाकी सगळी शाई.

मग मी त्यांना चौथी वाट दाखवली. कायदा भाषेसारखा असतो, लोकांच्या जगण्यातून पिढ्यान्पिढ्या उगवतो, कुणी एकजण तो करत नाही. त्या अर्थानं राईचा नेम हा सरकारी कायद्यापेक्षाही अस्सल. आणि म्हाताऱ्यानं मोडला तो तोच.

तू विचारलंस म्हणून माझं मत. तो दोषी आहे. त्याला सोडलं तर ती दया होईल, न्याय नव्हे. आणि खरं सांगू? ज्यानं आयुष्यभर नेम राखला त्यालाच तो एका दुपारीत मोडता आला, तर तो नेम नव्हताच, नुसती भीती होती. वर्गानं यावर बाकं वाजवली.

गप्प बसलेला तो पाटीलही चुकतोय बरं. तू स्वतः पाटील, म्हणून शेजारच्या गावच्या पाटलाची तुला काळजी. त्याला सांग, कळवून मोकळा हो.

मामंजींना माझा नमस्कार. मागच्या वेळी पाठवलेला त्यांचा मध अजून पुरवून खातेय.

तुझी,
विनू


कारवीवाडी
२१ ऑगस्ट २०२४

विनू,

ते शेजारचं गाव नव्हतं. राई आमची, पाटील मी, आणि म्हातारा म्हणजे मामंजी.

तुला आधीच सांगायला हवं होतं. नाव न घेता विचारलं तर उत्तर नितळ मिळेल असं वाटलं. मिळालंही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी वाचून खिडकीत ठेवलं आणि दरडीचा पंचनामा करायला खालच्या वाडीला गेले. मामंजींना तुझ्या पत्राचं कौतुक. सांगलीच्या बाईंनी आपल्याला नमस्कार धाडलाय का, हे ते दर वेळी बघतात. चौथीपर्यंत शिकलेले, अक्षरावर बोट ठेवून वाचतात. आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, मोठ्यानं वाचत होते, मग आवाज बारीक होत गेला. 'नुसती भीती होती' हे त्यांनी पुन्हा वाचलं. मग पत्र जिथलं तिथे ठेवलं, घोंगडी घेतली आणि म्हणाले, "पाटणला जाऊन येतो."

"आवं, या धुक्यात?"

"रस्ता पायास्नी ठावं हाय."

मी परत आले तेव्हा ते कधीच निघून गेले होते. मी मागोमाग उतरले. विनू, त्या उतारावर मला काहीही दिसत नव्हतं. झाडं मधेच उगवायची आणि विरायची. मी हाका मारत होते आणि माझीच हाक थोड्या वेळानं दुसऱ्या कुणाची तरी म्हणून परत येत होती. एकदा वाटलं, सगळ्या डोंगरावर मी एकटीच उरलेय, आणि मामंजी नावाचं कुणी कधी नव्हतंच.

ते वनखात्याच्या कचेरीत बाकावर बसलेले सापडले, घोंगडीतून पाणी ठिबकत होतं. साहेब भला माणूस. त्यांना सगळं आधीच कानावर होतं. मामंजींना चहा दिला आणि म्हणाले, "आजोबा, त्या दिवशी वारा किती होता! झाड वाऱ्यानं पडलं असं मी लिहितो. तुम्ही घरी जा."

मामंजींनी चहाचा कप खाली ठेवला. "पडलं न्हाई सायेब. मी पाडलं."

"तेच हो. पण लिहायला..."

"वाऱ्याचं नाव कशापायी घालता? वारा देवीचा हाय. त्यानं कायबी केलं न्हाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पाटील म्हणून मी कळवायला हवं होतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मीच कागद मागून घेतला. सासऱ्याचं नाव लिहिलं, वय लिहिलं, नाथाजी यांनी माझ्यासमक्ष ऐनाचं झाड तोडलं असं लिहिलं. अक्षर माझंच होतं, पण वाचताना वाटलं हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय. मामंजी शेजारी उभे राहून बघत होते. सही झाल्यावर म्हणाले, "ब्येस झालं. तुला लय वज्जं झालं हुतं, पोरी."

आता केस पाटणच्या कोर्टात जाईल.

माझा तुझ्यावर राग नाही, असं लिहिणार होते. पण आहे. थोडा आहे.

शिवांजली


सांगली
३० ऑगस्ट २०२४

शिवा,

पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. कॉलेज सुटल्यावर वर्गात जाऊन बसले. पाणी आता उतरलंय, पण मैदानात साचलेल्या तळ्यावरून ऊन येतं आणि छतावर हलत राहतं. त्या हलत्या उजेडाखाली मी बाकांकडे बघत होते. हीच बाकं पोरांनी माझ्या वाक्यावर वाजवली होती. मी एका माणसाला तासभर वापरलं, शिवा, फळ्यावरच्या आकृतीसारखं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की ती गोष्ट खरी आहे, आणि तो माणूस मला दर पावसाळ्यानंतर मध पाठवतो. मग राजसनं हात वर केला. "मॅडम, त्यांनी वाऱ्याचं नाव घालू दिलं नाही, हे ते कुठल्या कायद्यानं वागले?" मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "मला पण नाही."

मी जे लिहिलं ते चूक होतं. भीतीनं नेम पाळणाऱ्या माणसानं तिथे हात जोडले असते, जसे इतरांनी जोडले. ज्याला नेमाची किंमत माहीत होती त्यालाच तो मोडण्याची किंमतही माहीत होती, म्हणून त्यानं ती दुसऱ्या कुणावर पडू दिली नाही. हे त्यांना वाचून दाखव. की नको? तूच ठरव.

आता कामाचं. मोठी हानी टाळायला छोटी केली आणि मनात वाईट हेतू नव्हता, तर तो गुन्हा धरू नये, ही वाट आपल्या कायद्यात पूर्वीपासून आहे, नव्या संहितेतही आहे. माझी जुनी विद्यार्थिनी ऋचा कराडला वकिली करते, फौजदारीत चांगला हात आहे. तिच्याशी बोलले. ती येईल.

आणि मीही येईन. दिवाळीच्या सुट्टीत. तुला नको असेल तर तसं लिही.

विनू


कारवीवाडी
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय विनू,

निकाल लागला. फोनवर सांगायला टेकावर चढले होते, पण तुझा फोन लागेना, आणि उतरताना वाटलं बरं झालं. हे कागदावरच सांगायचं होतं.

ऋचा फार छान बोलली. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरची साक्ष झाली. त्या दिवशी अडलेल्या साळूचीही झाली. ती मुलगी कडेवर घेऊनच उभी राहिली आणि मुलगी मॅजिस्ट्रेटबाईंच्या पंख्याकडे बघून हसत होती. बाई तरुण आहेत, तुझ्या वर्गात शोभल्या असत्या. शेवटी त्यांनी मामंजींना विचारलं, "बाबा, तुम्हाला काही सांगायचंय?"

"झाड मी तोडलं."

"ते कळलं. पण का तोडलंत?"

"बाई मरत हुती."

"आणि पुन्हा अशी वेळ आली तर?"

ऋचानं डोळे मिटून घेतले. मामंजी म्हणाले, "तर पुन्यांदा तोडीन. आन पुन्यांदा हितं येऊन हुबा ऱ्हाईन."

बाईंनी बराच वेळ लिहिलं. मग सांगितलं की निकड होती, हेतू वाईट नव्हता, म्हणून हा गुन्हा ठरत नाही, तुम्ही मोकळे. मामंजींनी विचारलं, "म्हंजी मी झाड तोडलं न्हाई आसं झालं का?"

"तोडलंत. पण तो गुन्हा नाही."

एसटीत ते खिडकीशी बसले. उसाच्या ट्रॉल्या मागे जात होत्या, सगळीकडे तो गोड धुरकट वास. पाटण मागे पडल्यावर म्हणाले, "त्या बाईनं चांगलं केलं. पर तिनं सरकारचं सांगितलं. राईचं कोण सांगणार?"

घरी आले, हातपाय धुतले आणि पुन्हा त्या दगडावर जाऊन बसले.

विनू, मला वाटलं होतं निकालाच्या दिवशी सगळं संपेल. आता वाटतं, मी एका स्वप्नातून दुसऱ्यात जागी झाले. ते रोज सकाळी तिथे जातात. आतल्या देवीला बाहेरूनच हात जोडतात. आत पूजेला भावकीतला दुसरा माणूस जातो, त्याला हे बाहेरून सगळं सांगतात, पाणी कुठलं, फूल कुठं. गावातलं कुणीही त्यांना अडवत नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

तू आलीस तेव्हा त्या दगडापाशी दुपारभर तुम्ही दोघं बसला होतात. काय बोललात ते मी तुला विचारलं नाही, आणि त्यांना विचारलं तर म्हणतात, "बाईंस्नी इचार." म्हणून विचारते.

तुझी,
शिवांजली

ता. क. राग कधी गेला ते कळलंच नाही.


सांगली
५ मार्च २०२५

प्रिय शिवा,

तुझी ता. क. मी आधी वाचली. का कोण जाणे, पाकीट फोडलं आणि नजर तिथेच गेली. मग बाकीचं पत्र सावकाश वाचलं.

त्या दुपारी मी माफी मागायला गेले होते. राईत किती गार होतं आणि बाहेर किती ऊन. आम्ही अगदी त्या रेषेवर बसलो होतो, माझ्या पाठीवर ऊन आणि तोंडावर झाडांचा गारवा. आतून एक पक्षी एकच सूर पुन्हा पुन्हा लावत होता. मी बोलायला सुरुवात केली, तर मामंजींनी हात वर केला. "ते ऱ्हाऊ द्या. तुमी दिसलं ते लिवलं."

मग मला डुलकी लागली असावी, कारण मला दिसलं की झाडं उठून आमच्याजवळ येऊन बसलीत, ऐकायला. तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुमी येवढी बुकं वाचली. नेम का असतो, कोण करतो, कुणी मोडला की त्याला काय करायचं, सारं त्यात आसंल. पर नेम मोडल्यावर त्या माणसानं बसायचं कुठं, ह्ये कुठं लिवलंय का?"

मी खूप आठवून पाहिलं, शिवा. एक संप्रदाय सांगतो शिक्षा द्या. दुसरा सांगतो त्यानं मोडलंच नाही. तिसरा सांगतो न्यायाधीशाला विचारा, चौथा म्हणतो गावाला विचारा. शिक्षा संपल्यावर, किंवा शिक्षा झालीच नाही तर, सकाळी उठून माणसानं कुठे जाऊन बसावं याबद्दल सगळे गप्प. तसं मी सांगितलं.

ते हसले. म्हणाले, "मग मी बसलोय ते बराबर हाय. आत न्हाई, लांब न्हाई."

मी ते तुला तेव्हा सांगितलं नाही कारण मला वाटलं, ते तिथे कायमचे बसणार. तुला तो धीर द्यायचा का धक्का, मला ठरवता येईना. आता लिहून टाकलं.

पण मला ते पटलेलं नाही. तुमच्याकडे चैत्रात राईपाशी गाव जमतं ना? तो नेम गावाचा आहे, एकट्या मामंजींचा नाही. मग त्याचं काय करायचं तेही गावानं म्हणायला हवं. हे मी आता पुस्तकातलं बोलत नाहीये.

तुझी,
विनू


कारवीवाडी
२८ एप्रिल २०२५

प्रिय विनू,

आधी चैत्रातलं सांगते.

तुझं पत्र मी आत्याबाईंना वाचून दाखवलं होतं. त्या ऐकून घेतात, बोलत नाहीत, म्हणून मी विसरून गेले. पण गाव राईपाशी जमलं, नारळ फुटले, आणि सगळ्यांसमोर आत्याबाई उभ्या राहिल्या. त्यांना चारचौघांत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. दगडाकडे बघून म्हणाल्या, "आवं, ह्यो नेम कुणी केला?"

"वाडवडलांनी," मामंजी म्हणाले.

"ते काय आभाळातनं पडलं हुतं? तुमच्यासारखीच माणसं की. उद्याच्या पोरांचं वाडवडील कोण? तुमीच न्हवं? मग करा की नेम! जीव वाचवायचा आसंल तर तोडावं, आन तोडल्यालं सांगावं. लपवू नये. येवढं म्हना, आन या आत."

माणसं माना हलवायला लागली. सुलाबाई, म्हणजे साळूची सासू, मोठ्यानं म्हणाली, "बराबर हाय." मग एकेक जण म्हणत गेला. विनू, कायदा उगवतो असं तू शिकवतेस, मी तो माझ्या डोळ्यांनी उगवताना पाहिला, उन्हात, नारळाच्या पाण्याच्या वासात. मी पाटील म्हणून उभी होते आणि मला काहीच करायचं नव्हतं.

मामंजींनी सगळ्यांना हात जोडले. "नेम चांगला हाय. म्होरच्यांस्नी लागू करा. मी जुन्या नेमातला हाय." आणि बसून राहिले. आत्याबाई रडल्या नाहीत, संतापल्या. दोन दिवस त्यांनी फक्त माझ्याशी बोलणं ठेवलं.

त्यानंतर हे झालं.

या दिवसांत राईत अंजनी फुलते. खोडापासून शेंड्यापर्यंत निळीजांभळी, खाली सडा. सकाळी ओढ्यावरचं धुकं वर चढतं तेव्हा आतलं सगळंच निळं होतं, झाड कुठलं आणि हवा कुठली समजत नाही. परवा सकाळी साळू मेंढरं घेऊन चालली होती. मुलीला तिनं मामंजींच्या शेजारी ठेवलं आणि एक मेंढी चुकली म्हणून मागे गेली. ती अधूनमधून ठेवते, ती पोर त्यांच्याजवळ रमते. मी विहिरीकडून हंडा घेऊन येत होते, आत्याबाई माझ्या मागे.

मुलगी आता रांगते. ती दगडावरून घसरली आणि निघाली, सरळ त्या निळ्यात. मामंजी म्हणाले, "ए, हिकडं!" ती थांबली, मागे वळून हसली आणि पुन्हा निघाली. पुढे ओढ्याचा काठ आहे. तो तिला कुठला माहीत! मी हंडा टाकला, पण मी लांब होते.

मामंजी उठले आणि आत गेले.

मला वाटलं होतं, ते कधी आत गेलेच तर थांबतील, नमस्कार करतील. तसं काही झालं नाही. शेतात जावं तसे गेले, भराभर. धुक्यात दोघंही दिसेनासे झाले. आम्ही दोघी रेषेवर येऊन उभ्या राहिलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग पोरीचं खिदळणं आलं.

धुकं थोडं विरळ झालं तेव्हा ते दिसले. मुलीला छातीशी धरून अंजनीखाली उभे होते. तिच्या मुठीत फुलं होती, तिनं फांदी ओढून ओरबाडली होती, काही त्यांच्या मुंडाशावरही पडली होती. राईतलं फूल तोडलं तिनं! ते तिच्या मुठीकडे बघत होते. मग त्यांनी मान वर करून झाडांकडे पाहिलं, सगळीकडे, सावकाश, जसं शंभूराज सुट्टीवर आले की आधी घरभर बघतात.

आत्याबाईंनी बाहेरून हाक मारली, "आवं, आलासा का?"

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मला वाटतं तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपण आत आहोत. पण बाहेर आले नाहीत. पोरीला घेऊन तसेच आत चालत गेले, देवीपर्यंत, आणि तिथे खाली बसले. थोड्या वेळानं आत्याबाईही गेल्या. चुलीवर काय ठेवलंय ते मला सांगायलासुद्धा थांबल्या नाहीत.

साळू मेंढी घेऊन धापा टाकत आली, "पोर कुठं हाय?" मी बोट दाखवलं. तिनं आत पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला. मग आम्ही दोघी त्या रिकाम्या दगडावर बसून राहिलो.

गावात काहीही घडलं की मी वर कळवते, ते माझं काम आहे. हे मी कुठेच कळवलेलं नाही. फक्त तुला.

तुझी,
शिवांजली